आधी कार्डिओ की आधी वेट्स? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेडमिल रिकामी दिसली म्हणून आधी ट्रेडमिल, किंवा स्क्वॉट रॅकपाशी गर्दी होती म्हणून आधी ट्रेडमिल. बहुतेक जिममध्ये व्यायामाचा क्रम असाच ठरतो. मग कधीतरी एखाद्या रीलमध्ये दिसतं की आधी कार्डिओ, म्हणजे दम वाढवणारा व्यायाम, केला तर मसल जळतात, आणि माणूस घाबरून विचारायला येतो. ट्रेनर म्हणून माझ्याकडे पुन्हा पुन्हा येणारे असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायला सवड नसेल तर पहिला प्रश्न वाचा आणि मग तुम्हाला लागू असेल तो.

थोडक्यात सांगा, आधी काय?

ज्यात सुधारणा हवी आहे ते आधी. ताकद वाढवायची, अंगावर मांस चढवायचं असेल तर आधी वेट्स. १० किलोमीटरची वेळ कमी करायची असेल तर आधी धावणं.

आणि 'तसं काही नाही हो, तब्येत चांगली राहावी एवढंच' असं असेल तर? तरीही मी आधी वेट्सच सांगतो. पाय थकलेले असले तरी चालता येतं, सायकल मारता येते. पण थकलेल्या पायांनी आणि कंबरेनं बार खांद्यावर घेतला की तिसऱ्या-चौथ्या रेपलाच (एकदा खाली बसून उठलं की एक रेप) गुडघे आत यायला लागतात, पाठ वाकते. दोन्ही क्रमांची तुलना करणारे बरेच अभ्यास झालेत. दम दोन्हींत जवळपास सारखाच वाढतो, चरबीही सारखीच उतरते. फरक दिसतो तो पायांच्या ताकदीत, आणि तो वेट्स आधी करणाऱ्यांच्या बाजूनं. फरक मोठा नाही. पण एका क्रमानं काही हातचं जात नसेल आणि थोडं जास्त पदरात पडत असेल, तर तोच का धरू नये?

आमच्याकडे आल्या आल्या वीस मिनिटं ट्रेडमिल करायला लावतात. तो वॉर्म-अपच ना?

नाही. वॉर्म-अप पाच ते दहा मिनिटांचा असतो आणि तो करताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आलं पाहिजे. अंग गरम व्हावं, सांधे मोकळे व्हावेत, नाडी थोडी वर यावी, एवढंच त्याचं काम. नऊच्या स्पीडवर वीस मिनिटं पळून टी-शर्ट भिजवला तर तो वॉर्म-अप राहत नाही, कार्डिओ होतो. त्यानंतरचे स्क्वॉट तुम्ही उरलेल्या ताकदीवर करता.

जिममध्ये असं का करतात, तेही सांगून टाकतो. संध्याकाळी सातच्या बॅचला माणसं जास्त आणि ट्रेनर कमी. नवीन माणसाला ट्रेडमिलवर उभं केलं की ट्रेनरला वीस मिनिटं दुसऱ्यांकडे बघता येतं. घाम आला की नवीन माणसालाही पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. सोय दोघांचीही होते, पण ती सोयच. त्यामागे शास्त्र वगैरे काही नाही.

खरा वॉर्म-अप दोन टप्प्यांत होतो. आधी पाच मिनिटं भरभर चालणं किंवा सायकल. मग जो व्यायाम करणार आहात त्याचेच हलके सेट. समजा आज ६० किलोचे स्क्वॉट आहेत, तर आधी नुसता २० किलोचा बार आठ-दहा वेळा, मग ४० किलो पाच वेळा, मग ५० किलो दोन-तीन वेळा, आणि त्यानंतर ६०. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पहाटे पाचला जिममध्ये येत असाल तर पहिला टप्पा दहा मिनिटांचा करा. एकाच ताणात मिनिट-मिनिट थांबून करायचं स्ट्रेचिंग मात्र शेवटी ठेवा. जड वजनाच्या तोंडावर ते केलं तर जोर थोडा कमीच लागतो.

'कार्डिओ केला की मसल जातात' हे कितपत खरं आहे?

या समजुतीचा उगम बऱ्यापैकी नेमका सांगता येतो. रॉबर्ट हिक्सन नावाचे अमेरिकन संशोधक स्वतः वजनं उचलणारे होते. सेंट लुईसला जॉन होलोझी यांच्या प्रयोगशाळेत काम करत असताना ते होलोझींबरोबर पळायला जाऊ लागले आणि आपली कमावलेली ताकद उतरतेय असं त्यांच्या लक्षात आलं. पुढे शिकागोला स्वतःचं काम सुरू केल्यावर त्यांनी याचाच प्रयोग केला. तो १९८० साली प्रसिद्ध झाला. एका गटानं आठवड्यातले पाच दिवस फक्त वजनं उचलली, दुसऱ्यानं सहा दिवस फक्त दम वाढवणारा व्यायाम केला, तिसऱ्यानं दोन्ही केलं. दहा आठवडे. पहिले सातेक आठवडे तिसऱ्या गटाची ताकद वजनं उचलणाऱ्यांच्या बरोबरीनं वाढली. मग ती अडकली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत चक्क खाली आली. गंमत अशी की त्याच गटाचा दम मात्र नुसतं पळणाऱ्या-सायकल चालवणाऱ्यांइतकाच वाढला. म्हणजे अडथळा आला तो एकाच बाजूनं.

आता या प्रयोगातला व्यायाम बघा. पाच दिवस वजनं, सहा दिवस कार्डिओ, आणि दोन्ही जीव तोडून. ऑफिसला जाणारा, पोरांच्या शाळेची बस सांभाळणारा माणूस एवढं करतो का? आठवड्याला तीन दिवस वेट्स आणि तीन वेळा अर्धा तास चालणं-पळणं करणाऱ्याला हिक्सनच्या तिसऱ्या गटाची भीती घालण्यात अर्थ नाही. २०२२ साली तोवरच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं. त्यात दोन्ही व्यायाम केल्यानं स्नायूंची वाढ किंवा कमाल ताकद खुंटते असं दिसलं नाही. झटक्यानं लावायचा जोर, म्हणजे उडी, फेक, स्प्रिंट, यात मात्र थोडी घट दिसली, आणि तीही मुख्यतः दोन्ही व्यायाम एकाच सत्रात केल्यावर. हा मुद्दा पुढे पोलीस भरतीच्या प्रश्नात कामाला येणार आहे.

मग शरीरात नेमकं अडतं कुठे?

लांब कार्डिओनं पेशीतली ऊर्जा कमी झाली की एएमपीके नावाचं एन्झाइम जागं होतं आणि खर्चिक कामांना लगाम घालतं. नवीन स्नायू बांधणं हे खर्चिक काम, आणि ते चालतं एमटॉर नावाच्या यंत्रणेवर. प्रयोगशाळेत या दोघांचा झगडा स्वच्छ दिसतो. प्रत्यक्ष माणसात, नेहमीच्या प्रमाणात व्यायाम करताना, तो तितका ठळक दिसत नाही. माझ्या मते जिममधला खरा अडथळा साधा आहे: पायातलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंमधला साखरेचा साठा, संपलेलं असतं, पाय जड झालेले असतात, म्हणून १२ रेप्सच्या जागी ८ होतात. महिनोन् महिने आठच होत राहिल्या तर ताकद कशी वाढणार? त्यासाठी एन्झाइमपर्यंत जायची गरज नाही.

वजन कमी करायचंय. वेट्सनंतर कार्डिओ केला तर थेट चरबी जळते म्हणतात.

अर्धं खरं आहे. वेट्समध्ये साखरेचा साठा वापरला जातो, त्यामुळे त्यानंतरच्या कार्डिओत त्या वेळेपुरतं इंधन म्हणून चरबीचं प्रमाण थोडं वाढतं. पण शरीराचा हिशोब त्या अर्ध्या तासाचा नसतो. दिवसभरात आणि आठवडाभरात किती खाल्लं, किती खर्च झालं, यावर वजनाचा काटा हलतो. क्रम बदलून काही आठवड्यांनी मोजलं तर चरबीत फरक सापडत नाही.

धावण्याचा ढोबळ हिशोब लक्षात ठेवा: एका किलोमीटरला शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी. ७० किलोचा माणूस पाच किलोमीटर पळाला की साडेतीनशेच्या आसपास. जिमच्या बाहेरच्या गाडीवर एक वडापाव आणि कटिंग चहा घेतला की हिशोब जवळपास फिटला. हे टोमणा म्हणून सांगत नाही. वजन उतरवण्याचं मुख्य काम ताटात होतं. वेट्सचं काम असं की उतरणाऱ्या वजनात चरबी जास्त जावी आणि स्नायू टिकावेत. कमी खाऊन नुसता कार्डिओ करणाऱ्याचे गाल बसतात, दंड सुकतात आणि पोट तसंच राहतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून वजन कमी करायला आलेल्यालाही मी आधी वेट्सकडेच पाठवतो.

मी बारीकच आहे, फक्त पोट सुटलंय. मला कार्डिओच जास्त लागेल ना?

उलट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकाच रांगेत बसवतो, आतला मामला वेगळाच. आपल्याकडच्या अनेकांची ठेवण अशीच असते: हातपाय काडीसारखे, कंबर ३६, आणि चाळिशीच्या आत साखर काठावर. अशा माणसाकडे मुळात स्नायू कमी असतात, आणि जेवणातली साखर साठवून घेण्याचं मोठं काम स्नायूच करतात.

तुमच्यासारख्यांनी व्यायामातला ताजा वेळ स्क्वॉट, डेडलिफ्ट, रोइंग, प्रेस यांना द्यावा आणि कार्डिओ शेवटी पंधरा-वीस मिनिटं. जेवणात प्रोटीन वाढवायला विसरू नका. दोन पोळ्या, भात आणि पातळ वरण यातून ते पुरेसं मिळत नाही. उसळ, अंडी, दही, पनीर, मासे, चिकन, जे घरात चालतं ते रोजच्या दोन्ही जेवणांत हवं.

हाफ मॅरेथॉनची तयारी करतोय. मग वेट्स बंद करू?

बंद करू नका, मागे ढकला. ताकदीच्या व्यायामानं पळणाऱ्याचं भलंच होतं, कारण त्याच वेगाला कमी ऊर्जा लागते. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढताना किंवा मुंबईत शेवटच्या टप्प्यात पेडर रोडच्या चढावर कुणाच्या मांड्यांत जीव उरलाय ते लगेच कळतं.

आठवड्याला दोनदा वेट्स पुरेत. ज्या दिवशी इंटरव्हल (जोरात आणि सावकाश असं आलटून पालटून पळणं) किंवा टेम्पो रन (बराच वेळ जोराच्या एकाच चालीनं पळणं) आहे, त्या दिवशी आधी धावा आणि संध्याकाळी वेट्स करा. नवख्यांना हे उलटं वाटतं. अवघड धावण्याच्या दिवशी आणखी वजनं कशाला? पण त्यामुळे दुसरा दिवस खऱ्या अर्थानं हलका राहतो. अवघड काम सगळ्या दिवसांवर थोडं थोडं पसरलं की एकही दिवस पाय ताजे मिळत नाहीत. रविवारी लाँग रन असेल तर शुक्रवार-शनिवार पायांना जड वजन नको. स्पर्धेच्या दहा-बारा दिवस आधीपासून सेट निम्म्यावर आणा.

पोलीस भरतीची तयारी चालू आहे. रोज पहाटे पळतो, मग जिम. क्रम बरोबर आहे का?

हा प्रश्न विचारणारी मुलं सगळ्यात जास्त मेहनत करतात आणि बऱ्याचदा सगळ्यात चुकीच्या क्रमानं.

महाराष्ट्र पोलीस शिपाई पदाच्या अलीकडच्या भरतींत मैदानी चाचणी ५० गुणांची राहिली आहे. मुलांना १६०० मीटर धावणं २० गुण, १०० मीटर १५ गुण, गोळाफेक १५ गुण. मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर. गोळा मुलांचा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. तुमच्या भरतीची जाहिरात स्वतः वाचा, कारण नियम मधूनमधून बदलतात. पण ही विभागणी नीट बघा: ५० पैकी ३० गुण झटक्याच्या ताकदीचे आहेत. आणि मुलं करतात काय? रोज पहाटे डांबरी रस्त्यावर सहा-आठ किलोमीटर एकाच चालीनं पळतात. मग तशाच थकल्या अंगानं जिममध्ये जाऊन बेंच प्रेस मारतात. गोळा हातात घेतात तो हॉल तिकीट आल्यावर.

वर सांगितलेली घट नेमकी इथेच बसते. लांब पळणं आणि ताकदीचं काम एकाच सत्रात घातलं की आधी मार खातो तो झटका, आणि तुमचे निम्म्याहून जास्त गुण त्या झटक्याचे आहेत.

म्हणून एका सत्रातला क्रम असा ठेवा: वॉर्म-अप, मग ३० ते ६० मीटरचे थोडेच पण पूर्ण वेगाचे स्प्रिंट, प्रत्येकानंतर पुरती विश्रांती, मग गोळा, मग वेट्स. पळायचंच असेल तर सगळ्यात शेवटी, हळू. १६०० मीटरसाठी वेगळा दिवस ठेवा आणि त्या दिवशी ४०० मीटरचे राउंड मारा. कारण १६०० ही पाच-सहा मिनिटांची शर्यत आहे, आठ किलोमीटरच्या चालीनं ती सुटत नाही. आठवड्यात दोन दिवस झटक्याचे, दोन दिवस ४०० च्या राउंडचे, एक दिवस लांब आणि सावकाश, दोन दिवस आराम. नडगी दुखायला लागली असेल तर डांबर सोडा, मातीच्या मैदानावर या आणि झिजलेले बूट आधी बदला. वेट्समध्ये स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुश प्रेस यांना वेळ द्या. गोळा जातो तो पायांतून आणि कंबरेतून. बायसेप्स कर्लनं तो एक इंचही पुढे जाणार नाही.

सायकल, पोहणं, चालणं, धावणं: सगळ्या कार्डिओचा परिणाम सारखाच का?

नाही. ताकदीच्या आड धावणं जास्त येतं आणि सायकल कमी, असं २०१२ च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं होतं. धावताना प्रत्येक पावलाला स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्यामुळे अंग जास्त दुखतं. लेग डेच्या आसपास कार्डिओ करायचाच असेल तर सायकल किंवा चढावर चालणं घ्या. हातांचा दिवस असेल तर हवं ते करा, छाती-खांद्याच्या व्यायामाला पळण्यानं फारसा धक्का लागत नाही. झुंबा, दोरीवरच्या उड्या, बॅडमिंटन हे सगळं कार्डिओतच धरा.

रविवारी सिंहगड चढतो. सोमवारी लेग डे चालेल?

चढल्यानं फक्त दम लागतो. सोमवारी जिना उतरताना मांड्या ओरडतात त्या उतरल्यामुळे. ती दुखापत नव्हे, पण दोन-तीन दिवस ताकद खरंच कमी असते. सोमवारी छाती-पाठ करा, पाय बुधवारवर टाका. दर रविवारी चढत असाल तर काही आठवड्यांत अंगाला सवय होते, मग मंगळवारीही चालेल.

सकाळी एक आणि संध्याकाळी एक केलं तर क्रमाचा प्रश्नच मिटतो का?

बराचसा मिटतो. मध्ये किमान सहा तास आणि दोन नीट जेवणं हवीत. फ्रान्समध्ये रग्बीच्या हौशी खेळाडूंवर २०१६ साली असा अभ्यास झाला: दोन्ही व्यायाम लागोपाठ, सहा तासांनी आणि २४ तासांनी. सगळ्यात चांगला निकाल २४ तासांच्या अंतराला मिळाला. म्हणजे शक्य असेल तर दिवसच वेगळे ठेवा. लोकलचा प्रवास करून रात्री आठला घरी पोचणाऱ्याला हा सल्ला कागदावरच राहणार, हे मला ठाऊक आहे. त्यानं एकाच सत्रात वेट्स आणि मग कार्डिओ करावा आणि निश्चिंत राहावं.

मला मधुमेह आहे. माझ्यासाठी क्रम वेगळा?

टाइप १ असेल, इन्सुलिन घेत असाल, तर क्रमाला इतरांपेक्षा जास्त महत्त्व आहे. कॅनडात २०१२ साली झालेल्या एका छोट्या अभ्यासात टाइप १ असलेल्यांनी आधी वेट्स आणि मग कार्डिओ केला, तेव्हा व्यायामादरम्यान साखर जास्त स्थिर राहिली. उलट क्रमात ती भराभर खाली आली. कार्डिओ साखर पटकन ओढून घेतो, वेट्स त्या मानानं कमी.

टाइप २ मध्ये नुसत्या मेटफॉर्मिनवर असाल तर साखर एकदम पडण्याचा धोका कमी असतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर ग्लुकोमीटर जिमच्या बॅगेत ठेवा. सुरुवातीला ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा, मगच सुरू करा. थरथर, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी असं झालं तर सेट तिथेच टाका आणि साखर किंवा ग्लुकोज घ्या. 'एवढा सेट संपवतो' हा हट्ट इथे नको. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून ठरवा, ट्रेनरला विचारून नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली मात्र क्रमाच्या भानगडीत न पडता रोज करा.

बीपीची गोळी चालू आहे.

वॉर्म-अप लांबवा, दहा मिनिटं तरी. वजन उचलताना श्वास कोंडू नका: जोर लावताना सोडा, खाली आणताना घ्या. अशा वजनावर राहा की सेट संपल्यावर आणखी दोन-तीन रेप्स निघाल्या असत्या. कार्डिओ शेवटी ठेवला असेल तर ट्रेडमिल एकदम थांबवून उतरू नका. रक्त पायांत साचलेलं असतं आणि चक्कर येते, म्हणून तीन-चार मिनिटं हळू चाला. बीटा ब्लॉकर गटातली गोळी असेल तर घड्याळातल्या नाडीवर विसंबू नका, ती गोळी नाडी दाबूनच ठेवते. बोलताना किती धाप लागते त्यावरून जोर ठरवा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, असं काही वाटलं तर व्यायाम तिथेच थांबवा आणि दवाखाना गाठा.

वडील ६८ वर्षांचे आहेत, रोज बागेत तासभर चालतात. आणखी काही हवं का?

हवं, आणि चालण्याच्या आधी. बागेतली मंडळी पाच-सहा फेऱ्या मारून कट्ट्यावर बसतात. चालणं उत्तम, पण उठण्या-बसण्याची ताकद त्यानं टिकत नाही. ब्राझीलमध्ये साठी उलटलेल्या पुरुषांवर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बारा आठवड्यांनंतर, ताकदीचा व्यायाम आधी करणाऱ्यांच्या पायांची ताकद जास्त वाढलेली दिसली.

वडिलांना जिममध्ये न्यायचीही गरज नाही. पाच मिनिटं चालून झालं की बाकावरून हात न टेकता दहा वेळा उठणं, भिंतीला हात लावून पुश-अप, टाचा उचलणं, रबरी बँड ओढणं, प्रत्येकाचे दोन-तीन सेट. मग राहिलेल्या फेऱ्या. काही आठवड्यांनी देवघरासमोरच्या पाटावरून हात न टेकता उठायला सांगून बघा, फरक त्यांचा त्यांनाच कळेल.

बायकांसाठी वेगळा नियम आहे का? मला फक्त कार्डिओ सांगितलाय.

ज्यानं सांगितला त्याला कारण विचारा. २०२४ च्या एका विश्लेषणात दोन्ही व्यायाम एकत्र केल्यानं पायांच्या ताकदीत थोडी घट दिसली ती पुरुषांत. स्त्रियांत ती दिसली नाही. म्हणजे क्रमाची काळजी तुम्हाला उलट कमीच. वेट्सनं 'बॉडी होईल' ही भीतीही सोडा, त्यासाठी लागतं तेवढं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांत जास्त असणारं हार्मोन, तुमच्यात नसतं. पाळी बंद होण्याच्या सुमारास हाडं विरळ व्हायला लागतात आणि त्या वयात वजन उचलण्याला पर्याय नाही. घरकाम हा व्यायाम नव्हे का, असं विचारतात. दमणूक होते, पण वजन वाढत जात नाही. पाण्याची कळशी वर्षानुवर्षं तेवढीच.

सकाळी रिकाम्या पोटी केलं तर? आणि उपवासाच्या दिवशी?

रिकाम्या पोटी हलका कार्डिओ चालतो, पण त्यानं चरबी जास्त उतरते असं नाही. जड वेट्स असतील तर अर्धा तास आधी एक केळं किंवा दोन खजूर खा.

एकादशी, श्रावणी सोमवार, चतुर्थी अशा एका दिवसाच्या उपवासाला नेहमीचा व्यायाम थोडा कमी करून करता येतो. साबुदाणा खिचडीनं ऊर्जा मिळते, प्रोटीन नाही. दही, दूध, शेंगदाणे, राजगिरा जोडीला घ्या. नवरात्रात नऊ दिवस उपवास असेल तर वेट्स ठेवा, सेट कमी करा आणि इंटरव्हल पूर्ण बंद. रोजे असतील तर इफ्तारनंतर तास-दीड तासानं वेट्स करा, दिवसा फार तर सावकाश चालणं. निर्जळी असेल तर त्या दिवशी सुट्टी घ्या.

वेट्सच्या दोन सेटमध्ये दोरीवरच्या उड्या मारल्या तर वेळ वाचेल?

वेळ वाचेल, वजन घटेल, म्हणजे बारवरचं. सर्किट म्हणून आठवड्यातून एखादा दिवस मजा म्हणून करा.

माझ्याकडे फक्त ४५ मिनिटं आहेत.

भरपूर आहेत. पाच मिनिटं वॉर्म-अप. पुढची पंचवीस मिनिटं तीनच व्यायाम: पायांचा एक, ढकलण्याचा एक, ओढण्याचा एक. ढकलण्याचा आणि ओढण्याचा आलटून पालटून केला की विश्रांतीत वेळ जात नाही. मग बारा मिनिटं सायकल किंवा चढाची ट्रेडमिल, शेवटी तीन मिनिटं सावकाश. मोबाइल लॉकरमध्ये राहिला तरच हे ४५ मिनिटांत बसतं.

आठवड्यात असे तीन दिवस केले तरी दम वाढवणाऱ्या व्यायामाचा कोटा भरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनेप्रमाणे तो मध्यम जोराचा १५० ते ३०० मिनिटं हवा, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम. उरलेली मिनिटं स्टेशनपर्यंत भरभर चालत जाऊन आणि रविवारी टेकडी चढून भरा.

ठरवलेला क्रम कधी बदलायचा?

वही ठेवा, त्यात वजन, रेप्स आणि धावण्याची वेळ लिहा. पायांच्या व्यायामाचे आकडे महिनाभर हलले नाहीत, झोप-जेवण ठीक आहे, आणि तुम्ही कार्डिओ आधी करताय, तर तो मागे टाका किंवा वेगळ्या दिवशी न्या. वेट्स आधी करूनही आकडे अडकले असतील तर दोष क्रमाचा नाही. कार्डिओ किती होतोय ते मोजा आणि आठवड्यातला एक लांब रन काढून बघा. स्पर्धा जवळ आली, भरतीची तारीख लागली, की महत्त्वाचं काम पुढे आणा आणि तारीख झाली की पुन्हा जुन्या क्रमावर या. वर्षभर एकच क्रम धरून बसण्याचं बंधन नाही.